कुठे अडलं ते लिही

ता. ३ जून

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

आधी तुझ्या गुडघ्याची चौकशी करायला हवी, पण आज माझंच डोकं इतकं तापलंय की राहवत नाही. शाळा उघडायला अवकाश आहे आणि मी आत्तापासूनच नव्या मुख्याध्यापकांच्या डोळ्यांत सलायला लागले आहे. त्यांनी प्रत्येक शिक्षकाकडून एक कागद मागवला. या वर्षी स्वतःच्या शिकवण्यात काय सुधारणार, ते एका वाक्यात लिहायचं. मी मनापासून विचार केला आणि लिहिलं, ‘या वर्षी मी वर्गात ‘कळलं का?’ असं विचारणार नाही.’

हसू नकोस. गणिताचा तास संपत आला की मी विचारते, कळलं का? अख्खा वर्ग एका सुरात होऽऽ म्हणतो. वह्या तपासायला घेतल्या की दिसतं, अर्ध्यांना ओ की ठो कळलेलं नाही. पण चारचौघांत उभं राहून नाही म्हणायची कुणाची छाती आहे? गेल्या वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी सगळ्यांत मोठ्यानं होऽऽ म्हणायची. तीच नापास झाली. निकालाच्या दिवशी तिला शब्द दिलाय की यंदा पुन्हा सहावीत माझ्याच वर्गात बस, मी तुला सोडणार नाही. म्हणून ठरवलं, आता ‘कुठे अडलं?’ असंच विचारायचं. अडलंच असणार, असं धरून चालायचं.

साहेबांनी माझ्या वाक्यावर लाल रेघ मारली. मुलांना कळलं का हेच विचारणार नाही, तर मग बाई तुम्ही करणार तरी काय, असं म्हणाले. खाली स्वतःच्या हातानं लिहून दिलं, ‘प्रत्येक विद्यार्थ्याला प्रत्येक धडा शंभर टक्के समजेल.’ पंधरा तारखेच्या बैठकीत यावर सही करायची. नाही केली तर सहावी दुसऱ्याकडे जाणार. माझा वर्ग, मावशी! आणि त्या पोरीला दिलेल्या शब्दाचं काय करू?

तुझं मत लगेच लिही. काकांना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
भिंगरी


ता. ८ जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता चहा उतू गेला, शेगडी विझली, तरी माझं लक्ष नाही. शंभर टक्के म्हणे! एवढी वर्षं संसार केला, मला अजून तुझे काका अर्धेसुद्धा कळलेले नाहीत, आणि हे महाशय वर्गभर पोरांना वर्षाच्या आत सगळं समजावून मोकळे होणार! हे मी मोठ्यानं बोलले, तर काकांनी वर्तमानपत्राआडून विचारलं की त्यातला कळलेला अर्धा कुठला, वरचा की खालचा. या घरात रागवायचीसुद्धा सोय नाही.

माझी शाळा का सुटली ते तुला ठाऊक नसेल. घरात सगळे सांगतात, आईच्या आजारपणामुळे. आजारपण होतंच, पण मीही सुटायला टपले होते, ते अपूर्णांकांमुळे. भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा करायचा, असं मास्तरांनी सांगितलं. का उलटा करायचा? त्याला काय वारा लागला पाहिजे? मास्तरांनी कळलं का म्हणून विचारलं आणि बाकीच्यांबरोबर मीही होऽऽ केलं. त्यानंतर रोज होऽऽ आणि रोज गणित चूक. पुढं जे काही वाचलं, ते घरी बसून, माझं मीच. गणिताच्या वाटेला मात्र गेले नाही. तेव्हा तुझं वाक्य मला वाचताक्षणी पटलं, आणि त्यावर लाल रेघ मारणाऱ्याचा हात धरून जाब विचारावासा वाटला.

तरीही माझं ऐक. रागाच्या भरात वर्ग घालवून बसू नकोस. मान डोलव, सही कर आणि ये. एकदा वर्गाचं दार लावलंस की आत तुझंच राज्य. तो काय रोज खिडकीला कान लावून बसणार आहे? त्या पोरीला तू हवीस, तुझा बाणेदारपणा नको.

वेळेवर जेवत जा. आमची माया तुझ्या पाठीशी आहेच.

तुझी,
मावशी


ता. १६ जून

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राचा शेवट वाचून साहेबांपेक्षा तुझाच जास्त राग आला. खरंच आला. ज्या होऽऽपायी तुझी शाळा सुटली, तेच तू मला म्हणायला सांगतेस? मी सही करून येणार आणि मग त्या मुलीला कोणत्या तोंडानं सांगणार, की नाही म्हणायला घाबरू नकोस? दोन दिवस तुला उत्तरच लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आता कालच्या बैठकीचं. साहेबांनी पडद्यावर रंगीत आलेख दाखवले. प्रत्येकाच्या कागदावर तेच एक वाक्य. खेळाच्या सरांनी माझ्या कानात विचारलं, लांब उडी शंभर टक्के समजली तर पोरगं नेमकं कुठं जाऊन पडतं? शेवटी साहेबांनी कागद आवरता आवरता विचारलं, कळलं ना सगळ्यांना? आणि मावशी, सगळी खोली म्हणाली, होऽऽ! निम्म्यांचे केस पिकलेले, काहींची नातवंडं शाळेत जाणारी, आणि सूर अगदी सहावीचा. माझंही तोंड उघडलं होतं.

मग उभी राहिले आणि म्हटलं, सर, मला कळलं नाही. साहेब तडकले, यात न कळण्यासारखं काय आहे असं म्हणाले. मी म्हटलं, मुलांना शंभर टक्के समजलं हे ओळखायचं कसं, तिथं अडलंय. ते म्हणाले, त्यात काय, मुलांना विचारायचं. काय विचारायचं, असं मी विचारलं. कळलं का, एवढंच विचारायचं, असं ते बोलून गेले, आणि हातातले कागद पुन्हा चाळायला लागले. तेवढ्यात खेळाचे सर उठले. मघाशी होऽऽ म्हणालो खरा, पण मलाही काही कळलेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. मागोमाग चित्रकलेच्या बाई उठल्या.

साहेबांनी माझा जुना कागद काढून समोर सरकवला, सही यावरच करा म्हणाले. लाल रेघ तशीच आहे, माफीबिफी काही नाही. वर्ग माझ्याकडेच ठेवलाय, पण दर आठवड्याला एक तास ते स्वतः मागच्या बाकावर येऊन बसणार. पाळत ठेवणार माझ्यावर! ठेवू देत. त्या बाकावर रिकामी जागा एकच असणार, त्या मुलीशेजारची. दोघांनाही विचारीन, कुठे अडलं.

रागावून लिहिलंय, पण माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी,
भिंगरी


ता. २१ जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

बोललीस ते बरं केलंस. चार वेळा वाचलं, चारही वेळा झोंबलं. काका म्हणाले, पोरीनं चांगलीच हजामत केली तुझी. त्यांना म्हटलं, माझी भाची आहे, ती करणारच.

परवा गुडघा दाखवायला गेले होते. डॉक्टर पोरसवदा. भराभरा बोलले, ही सकाळी, ती एक दिवसाआड, ही दुखलं तरच. वर पुन्हा, कळलं ना आजी? आजवर मी मान डोलवून बाहेर यायची आणि औषधाच्या दुकानदाराचं डोकं खायची. या खेपेस उठलेच नाही. सांगितलं, नाही कळलं, आणि कळेपर्यंत ही खुर्ची सोडत नाही. बाहेर रांगेत लोक खोळंबले होते. खोळंबेनात का! गुडघा माझा आहे.

आता तुझ्या साहेबांसारखी मीही मागच्या बाकावर येऊन बसते. तो दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा, ते मला अजून कळलेलं नाही. सावकाश लिही, वाटल्यास चित्र काढ. उत्तराच्या शेवटी कळलं का, असं विचारलंस तर पत्र परत पाठवीन.

शेवटी सवयीनं ‘कळावे’ लिहायला हात गेला होता, तो आवरला. कुठे अडलं ते लिहीत जा. लोभ आहेच, तो वाढव.

तुझी,
मावशी