कबरीवरची निळी आयरिस

आयत वग्नी,
१४ जानेवारी

लाडके ताऊस,

इकडे मी बरी आहे. यन्नायरला, आपल्या नव्या वर्षाला, कोंबडी घालून कुसकुस केला, तुझ्या वाटणीचा शेजारी दिला. तुझ्या शाळेच्या पुस्तकांवरून लिहायला शिकले आहे, चुका काढू नकोस.

बाबांच्या कबरीवर आयरिस फुलली. घराच्या भिंतीपाशी त्यांनी वाढवलेल्या आयरिसचा एक गड्डा मी तिथे लावला होता, आठवतं? तीन हिवाळे नुसती पाती. भिंतीपाशी मात्र दर जानेवारीत निळी फुलं. शुक्रवारी कबरीवर पाणी घालायला बायका जमल्या की फरौजा म्हणायची, "जिवंतपणी कधी बोलला नाही, आता फुलेल कसा?" सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. मनात वाटायचं, ते माझ्यावर रागावलेत. म्हणून आणखी पाणी घालायचे, घरून हंडा भरून न्यायचे.

उन्हाळ्यात अमोक्रानकाकांनी पाहिलं. म्हणाले, "वहिनी, हे फूल उन्हात भाजलं, उपाशी राहिलं तरच येतं. तुम्ही लाडानं त्याचं गवत केलंय." त्यांनी पाती कापली. मी पाणी कबरीच्या पायथ्याशी ओतू लागले, गड्ड्यापासून लांब. या शुक्रवारी तीन फुलं होती, बोटभर उंचीची, पात्यांत दडलेली.

म्हणजे राग नव्हता, पाणी जास्त झालं होतं. पण ते रागावलेत असं मला का वाटलं, हे फोनवर सांगायला जमलं नसतं.

तुझ्या लग्नापासून त्यांनी तुझ्याशी अबोला धरला, हे तुला माहीत आहे. शेवटच्या आठ दिवसांत तो सुटला. दोनदा म्हणाले, "ताऊसला बोलाव." मी हो म्हटलं आणि फोन लावला नाही. बर्फानं तारा तुटल्या होत्या असं तुला सांगितलं. तारा तुटल्या नव्हत्या.

चाळीस वर्षांत बोलले नव्हते तेवढं ते त्या आठ दिवसांत माझ्याशी बोलले. तू आली असतीस तर तुझ्याशीच बोलत राहिले असते. मला ते दिवस हवे होते. मी ते घेतले, त्यातले निम्मे तुझे होते.

माफी मागत नाही, मागितली तर तुला ती द्यावी लागेल. ते काय बोलले ते शब्दन् शब्द मला आठवतं. बरंचसं तुझ्याबद्दलच होतं. म्हणशील तर लिहून पाठवीन. आलीस तर समोर बसून सांगीन. नाही आलीस तरी ते तुझंच आहे.

जिला आई म्हणायचं की नाही हे आता तू ठरव, ती
दहबिया