देवमाशाची फांदी

३ जुलै, सकाळी १०.४०
शाळेत गेले होते. जिन्यासमोरच्या भिंतीवरून मी रंगवलेला उत्क्रांतीचा वृक्ष गायब. जागी छापील चार्ट. त्यात देवमासा सीलजवळून उचलून पाणघोड्याशेजारी बसवलाय, फांदीवर आकडा ९८. मुख्याध्यापिका माझीच विद्यार्थिनी. तेव्हाही तिची उत्तरं शेजारणीच्या वहीतून यायची. म्हणाली, बाई, तुमचं झाड चुकीचं ठरलंय. कोणी ठरवलं, ते सांगेना. माझं झाड परत भिंतीवर लागेपर्यंत स्वस्थ बसणार नाही.

रात्री
सून लॅबमध्ये हीच झाडं करते. आजच बरी उशिरा आली. ९८ म्हणजे काय, विचारलं. म्हणे, प्राण्यांच्या गुणधर्मांच्या चिठ्ठ्या बरणीत घालायच्या. एक काढून लिहायची, परत टाकायची, पुन्हा काढायची. जे हाती येईल त्यावरून झाड काढायचं. असं शंभरदा. फांदी जितक्यांदा तशीच येईल, तो आकडा. थोडक्यात, लॉटरी. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला जुगार वर्ज्य होता. पण प्रश्न तत्त्वाचा आहे.

५ जुलै
चिठ्ठ्या स्वतः लिहिल्या. पोहतो. वल्ह्यासारखे पाय. कातडीखाली चरबी. श्वास रोखून धरतो. सुनेला बरणीजवळ फिरकू दिलं नाही.

८ जुलै
देवमासा आणि सील एकत्र: शंभरपैकी शंभर. दोन मार्कांनी मी पुढे.

९ जुलै
सून म्हणते, आई, चिठ्ठ्या सगळ्या पाण्याच्याच घातल्यात. पाण्यात राहून दोघं सारखे दिसायला लागले, म्हणून काही नातं लागत नाही. शंभर म्हणजे नुसतं चिठ्ठ्यांचं एकमत. मी म्हटलं, या घरात एकमत कधी होत नाही, तुला त्याची किंमत काय कळणार. मुलगा पेपरामागे हसला. त्याच्यावरही लक्ष ठेवायला हवं.

११ जुलै
सुनेनं आता नातेवाइकांच्या चिठ्ठ्या केल्या. बिलाची बेरीज पुन्हा करते. फ्रीजमधल्या डब्यांवर तारीख घालते. चिडली की इंग्रजीत बोलते. दुसऱ्याचा चहा पिऊन नावं ठेवते. शंभरच्या शंभर वेळा मी आणि विहीणबाई एका फांदीवर. माझी सख्खी बहीण पार पलीकडे. सुनेनं तिच्या आईला लगेच फोन केला. विहीणबाई म्हणे म्हणाल्या, हा कट आहे, मला लेखी द्या. हे वाक्य मी बोलणार होते.

१२ जुलै
सुनेला कळवलं: शंभरपैकी शंभर आले तरी नातं नसू शकतं, हे लॅबच्या शिक्क्यासह लेखी हवं. मुलानं विचारलं, मग देवमाशाचं काय? जाऊ दे त्याला पाणघोड्याकडे. भिंतीवर काय लावायचं ते लावा. उत्तर शुक्रवार, १७ जुलै, संध्याकाळी पाचच्या आत. एक प्रत विहीणबाईंना.