फडताळातली आई

डाळज, ता. इंदापूर
३ ऑगस्ट १९९७

ती. बुद्धघोषमामांस,
करुणाचा सविनय जयभीम. वि. वि.

विहारात खोटं न बोलण्याचं शील घेतल्यावर पाच मिनिटांच्या आत माणूस खोटं बोलला, आणि त्या खोट्यामुळे पन्नास माणसं रोज संध्याकाळी शांत बसून ऐकू लागली, तर ते शील मोडलं की पाळलं? मी बी. ए. झाले, पण याचं उत्तर मला येत नाही. तुम्ही बारामतीला कचेरीत रोज नियमांत वावरता, म्हणून विचारते.

घोटाळा तुम्ही पाठवलेल्या भेटीपासून झाला. पदवीबद्दल तुम्ही पाठवलेली इंग्रजी कादंबरी दादांनी पोस्टमनकडून स्वतः घेतली. लेखक जपानचा. वर चित्रात डोळे मिटलेला, टक्कल असलेला माणूस, पुढ्यात वाडगा. दादांनी पुस्तक कपाळाला लावलं आणि थेट विहारात नेलं. जपान म्हणजे बुद्धाला मानणारा देश, तेव्हा हे भिक्खूच आणि ते भिक्षापात्रच. कमिटीने ठरवून टाकलं की यंदा वर्षावासाचे तीन महिने नेहमीच्या ग्रंथाऐवजी हा जपानी ग्रंथ वाचायचा आणि करुणाने तो मराठीत सांगायचा. मला कळलं तोवर हार घालून झाले होते, एक ग्रंथाला, एक मला.

मामा, तो भिक्खू नाही. तो एका कचेरीतला कारकून आहे आणि गरम सुपाची वाट बघतोय. तो रोज घरी येतो तेव्हा घरात एक अनोळखी माणूस वाढलेला असतो. तो काही विचारत नाही, एक कप चहा जास्त करतो. बस्स, एवढीच गोष्ट, आणि ती काळोखी होत जाते.

पहिल्याच दिवशी मी खरं सांगणार होते. पण पुढच्या रांगेत दादा बसलेले. लेकीला बारामतीच्या कॉलेजात घातलं म्हणून सगळी भावकी त्यांच्यावर हसली होती. हे पुस्तक धम्माचं नाही म्हटलं असतं, तर पोरीला इंग्रजी वाचता येईना म्हणून सबब काढली, असंच सगळे म्हणाले असते. मग मी सांगितलं की ही अनोळखी माणसं म्हणजे तृष्णा, एकीला चहा पाजला की दुसरी येते. सगळे साधू साधू म्हणाले. तेव्हापासून रोज सकाळी गाईची धार काढताना मी संध्याकाळचं प्रवचन रचते.

रंगुआजीला मात्र तृष्णा पटत नाही. ती म्हणते, ह्यात कसली आलीया तृष्णा, आमच्या लेकीच्या, भीमाच्या, सासरची मानसं अशीच येऊन बसत्यात, आन् जायाचं नाव न्हाय.

उत्तर लवकर धाडावे. शाबासकी नको, मार्ग सांगावा. माया आहे ती पातळ होऊ देऊ नये.

आपली,
करुणा


बारामती
८ ऑगस्ट १९९७

चि. करुणा हीस, बुद्धघोषमामाचे अ. उ. आ.

पत्र पावले. सदर पुस्तक मी वाचलेले नाही, हे कबूल. पुण्याच्या फुटपाथवर तीन पुस्तके एकत्र घेतली होती. उरलेली दोन मधमाशीपालन आणि फ्रीजदुरुस्ती यांवर होती, त्यापेक्षा हे तुला शोभेल असे वाटले.

आता माझा वीस वर्षांचा अनुभव ऐक. चुकीचा कागद एकदा आवक झाला, त्यावर शिक्का पडला, की तो बरोबर असतो. तो दुरुस्त करणाऱ्याचीच चौकशी लागते. तेव्हा आहे तसे चालू दे. मी आमच्या साहेबांच्या कानावर घातले की भाची जपानी धम्मग्रंथ सांगते. साहेबांनी एका प्राध्यापकांना सांगितले. ते रविवारी, दि. १७ रोजी, तुझ्या सत्काराला येत आहेत. त्यांना इंग्रजी उत्तम येते, तरी त्या दिवशी पुस्तक कपड्यात गुंडाळलेलेच ठेवावे. आणि शेवट जरा गोड कर. पाहुणे आपापल्या घरी गेले म्हण, कुणाचे काय जाते?

श्रीपतीदाजींना आणि ताईला जयभीम. आहे हा जिव्हाळा असाच राखावा.

तुझा मामा


डाळज
११ ऑगस्ट १९९७

ती. मामांस, सविनय जयभीम. वि. वि.

कुणाचं काय जातं, असं तुम्ही विचारलंत. साखरबाईंचं गेलं.

सातव्या प्रकरणात पाहुण्यांना घरात जागा पुरेना, म्हणून ते त्या कारकुनाच्या आईला फडताळात बसवतात आणि दार लावतात. आई आतून म्हणते, चहा फार गोड झालाय. मुलगा दुसऱ्या दिवशी साखर कमी घालतो. दार उघडत नाही. मला रात्रभर झोप आली नाही. पण संध्याकाळी मी सांगितलं की ते फडताळ नव्हे, ध्यानाची गुहा आहे. म्हातारपणी एकांतात राहिलेलं बरं, असंही वर जोडलं. का जोडलं, कुणास ठाऊक. वाक्य छान झालं होतं.

आज सकाळी आमच्या चुलत चुलत्यांनी, सिद्धूकाकांनी, त्यांच्या आईला, म्हणजे साखरबाईंना, राहत्या खोलीतून उठवून गोठ्यामागच्या कडब्याच्या खोपटात नेऊन ठेवलं. त्यांचं वय पंच्याहत्तर, त्यात दमा. त्या रडत होत्या. काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, आमी कुठं मनानं केलंय, करुणानं सांगितलंय, ग्रंथात हाय. लोकांनी माना डोलावल्या. एकदोघांनी तर आपापल्या आईकडे बघितलं, असं मला वाटलं.

मामा, दादांची मान खाली जाऊ नये म्हणून मी हे सुरू केलं. आता एक म्हातारी कडब्यात खोकते आहे. मी काय करू?

आपली,
करुणा


बारामती
१३ ऑगस्ट १९९७

चि. करुणा हीस, अ. उ. आ.

घाई करू नये. प्राध्यापकांची गाडी ठरली आहे, हार सांगितले आहेत. सदर वृद्धेस रविवारपर्यंत आहे त्या जागी राहू द्यावे, वाटल्यास घोंगडी द्यावी. सत्कार झाल्यावर खुशाल खरे बोल. खरे सोमवारीही खरेच असते.

तुझा मामा


डाळज
१६ ऑगस्ट १९९७

ती. मामांस, सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं कार्ड आज मिळालं. तोवर गुरुवार होऊन गेला होता.

गुरुवारी संध्याकाळी शीलं घेतली आणि मी बसले नाही. उभी राहून सांगितलं की ही कादंबरी आहे, यात धम्म नाही, होता तो मी माझ्या मनाने घातला. मग सातवं प्रकरण जसं आहे तसं वाचलं. सिद्धूकाका मोठ्याने म्हणाले, बघा, पोरीला इंग्रजी येतच नव्हतं, बी. ए. वाया गेलं. पुष्कळजण हसले. दादा उठून गेले. ज्याची मला भीती होती, ते सगळं एका मिनिटात झालं.

रंगुआजीने तेवढं विचारलं, मग त्या म्हातारीला भाईर कोन काढतंय? मी म्हटलं, पुस्तकात कुणीच नाही. यावर आजी म्हणाली, मंजी आपल्यातलाच हाय म्हन की लिवनारा.

दादा दोन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. गावात मला आता जपानी म्हणतात. सत्काराचं तुम्ही बघा. प्राध्यापकांना यायचंच असेल तर जरूर यावं, आई भाकरी घालेल.

साखरबाईंच्या खोलीत सिद्धूकाकांनी नवा रंगीत टीव्ही मांडला होता. आज दुपारी काका भिगवणच्या बाजाराला गेले. मी आणि आईने तो टीव्ही उचलून कडब्याच्या खोपटात नेला, वर पोतं घातलं, आणि साखरबाईंना हाताला धरून त्यांच्या खोलीत आणून बसवलं. कवाडापाशी दादा उभे होते. टीव्ही जड होता, तिसरा हात त्यांनी लावला.

रागवा, पण पत्र पाठवत राहा.

आपली,
करुणा