काळ्या कोटातला प्रियकर

२ एप्रिल, गुरुवार. सकाळी ६.१०

नवी वही. नवा संकल्प. गेल्या वर्षापासून रेंगाळलेली कादंबरी ३१ मेपर्यंत पूर्ण करायची. प्रकाशकांच्या स्पर्धेची शेवटची तारीख तीच आहे.

विषय फँटसी, पण रोमँटिक. नायक साक्षात मृत्यु. उंच, काळा कोट, चंदेरी डोळे. जिला न्यायला येतो तिच्याच प्रेमात पडतो. नाव 'काळ्या कोटातला प्रियकर'. हा विषय माझ्याइतक्या अधिकाराने कोण लिहिणार? एकोणीस वर्षं मृत्युनोंदणीच्या खिडकीवर बसतोय. बाकीचे लेखक मृत्युची कल्पना करतात, माझ्याकडे त्याची रजिस्टरं आहेत.

बायकोला नाव सांगितलं. म्हणाली, डिटेक्टिव्ह आहे का? दुर्लक्ष केलं.

७ एप्रिल, मंगळवार

घोळ झालाय. शांतपणे लिहून काढतो.

अकरा वाजता एक वयस्कर बाई खिडकीशी आल्या. निवृत्त शिक्षिका. यजमान फेब्रुवारीत गेले. मुलगी परदेशात, पहिलं बाळंतपण, तारीख २४ मे. तिचं तिथे कुणी नाही, म्हणून बाईंना जायचंय. प्रवासाचे कागद करायला गेल्या, तर तिथल्या कॉम्प्युटरने सांगितलं की आपण हयात नाही.

रजिस्टर काढलं. मृत व्यक्तीच्या रकान्यात बाईंचं नाव. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात यजमानांचं. म्हणजे आमच्या कागदानुसार बाई वारल्या आणि ते कळवायला यजमान स्वतः येऊन सही करून गेले.

बाईच माझी माफी मागायला लागल्या. म्हणाल्या, त्या दिवशी डोळ्यांत पाणी होतं हो, फॉर्म भरताना माझ्याच हातून उलटसुलट झालं असेल, तुम्हाला उगाच ताप. मी म्हणालो, होतं असं, चौकशी करतो, पुढच्या मंगळवारी या.

पाच वाजता मूळ फॉर्म काढून पाहिला. मोत्यासारखं अक्षर. नावं जिथल्या तिथे. उलटसुलट रजिस्टरात झालंय आणि रजिस्टरातलं अक्षर माझं आहे. तारीख १८ फेब्रुवारी.

घरी येऊन हस्तलिखित चाळलं. १८ फेब्रुवारी म्हणजे चॅप्टर सात. मृत्यु नायिकेला प्रथम पाहतो तो प्रसंग. एका दिवसात बारा पानं, दहा ते पाच. इतकं सुंदर मी कधीच लिहिलं नव्हतं.

८ एप्रिल, बुधवार

संकल्प: साहेबांना आजच सांगायचं.

साहेबांचा मूड बरा नव्हता. शिवाय जूनमध्ये बढतीची यादी आहे. आत्ता मेमो मिळाला तर यादीतून नाव गेलंच. दोन दिवस थांबल्याने कुणी मरत नाही. बाई तर आधीच… असो.

फॉर्म घरी आणला. ही चोरी नव्हे, ऑफिसात कागद गहाळ होतात. चॅप्टर सातमध्ये, पान ११२ आणि ११३च्या मध्ये ठेवला. माझी कादंबरी या घरात कुणी उघडत नाही, त्यामुळे याहून सुरक्षित जागा नाही.

१५ एप्रिल, बुधवार

काल आंबेडकर जयंतीची सुट्टी होती, म्हणून बाई आज आल्या. सांगितलं, फाइल वर गेली आहे. हे खोटं नाही. मीच ती सकाळी कपाटावर ठेवली.

बाकावर दीड तास बसून होत्या. नोटीस बोर्डावरच्या शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलने दुरुस्त करत होत्या. तीन सूचना सुधारल्या. मग जाताना पुन्हा म्हणाल्या, माझ्यामुळे तुमचं काम वाढलं, रागावू नका हं.

डबा तसाच परत आणला. बायकोने विचारलं, भाजी बिघडली का? म्हणालो, नाही, चॅप्टर नववा बिघडलाय.

२१ एप्रिल, मंगळवार

बाईंनी मला लिहिताना पकडलं. खिडकीतून वाकून विचारलं, काय लिहिता? सांगून टाकलं. एकोणीस वर्षांत त्या खिडकीतून मला कुणी मृत्युदाखल्याखेरीज काही विचारलं नव्हतं.

त्यांनी विचारलं, तुमचा मृत्यु करतो काय? मी म्हणालो, उशाशी बसतो. हात हातात घेतो. माणसाचं सगळं ऐकून घेतो, मगच नेतो.

बाई म्हणाल्या, आमच्याकडे दूध उतू जाईल म्हणून मी आत गेले. गॅस बंद करून आले, तेवढ्यात ह्यांचं आटोपलं होतं. हातबित कुणी धरलेला दिसला नाही.

मी वाईट वाटल्याचं सांगितलं. खरंच वाटलं. मग त्या वळल्यावर चिठ्ठीवर लिहिलं: 'दूध. वापरता येईल.' लाज वाटून चिठ्ठी फाडली. जेवणाच्या सुट्टीत टेप लावून जोडली.

आज सांगणारच होतो. पण विषय साहित्याकडे वळला.

२८ एप्रिल, मंगळवार

बाईंनी पहिला चॅप्टर मागून नेला होता. आज म्हणाल्या, पुढचं द्या, नाहीतरी बाकावर बसूनच असते. पुढचं द्या! आतापर्यंतची अख्खी कादंबरी दोरीने बांधून आणली होतीच (योगायोग). दिली. दोनशे चाळीस पानं.

फाइलचं विचारलं. अजून वरच आहे, म्हणालो.

त्यांच्या मुलीचा रोज फोन येतो म्हणे. कधी निघतेस, एवढंच विचारते. संकल्प: या शुक्रवारी साहेब. काही झालं तरी.

संध्याकाळपासून काहीतरी विसरल्यासारखं वाटतंय. गॅस? उठून पाहिलं. बंद आहे.

१ मे, शुक्रवार

महाराष्ट्र दिन. ऑफिसला सुट्टी, संकल्प करताना लक्षातच आलं नाही. नशिबाने साथ दिली. म्हणजे दिली नाही.

५ मे, मंगळवार

बाईंनी हस्तलिखित परत केलं. खिडकीतून आत सरकवताना माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. म्हणाल्या, सगळं वाचा हं, शेवटपर्यंत. मला वाटलं, भारावल्या.

घरी येऊन दोरी सोडली. पहिल्याच पानावर लाल पेन्सिलीची तेवीस वर्तुळं! कौतुकाचा एक शब्द नाही. समासात लिहिलंय: 'मृत्यू. त्यू दीर्घ. दुसरा उकार. संपूर्ण कादंबरीत चुकला आहे.' आणि खाली, नायक खिडकीबाहेर उभा राहून पाहतो तिथे: 'याला दुसरं काम नाही का?'

बंडल बांधून माळ्यावर टाकलं. समीक्षा कशी करावी याचं भान हवं माणसाला.

६ मे, बुधवार

माझ्या खिडकीवरची पाटी वाचली. 'मृत्यू नोंदणी'. दीर्घ. एकोणीस वर्षं मी तिच्याखाली बसतोय.

माळ्याकडे अजून पाहवत नाही.

१२ मे, मंगळवार

बाई साडेदहाला आल्या. ऑफिस बंद होईपर्यंत बसल्या. आज नोटीस बोर्डाकडे गेल्या नाहीत. नुसत्या माझ्याकडे पाहत होत्या.

पावणेपाचला खिडकीशी येऊन विचारलं, वाचलंत? म्हणालो, वेळ झाला नाही. त्या म्हणाल्या, पाहा, मला आजचाच दिवस आहे, आज दुरुस्ती मिळाली तर प्रवासाचे कागद दहा दिवसांत होतील, नंतर उपयोग नाही. मी म्हणालो, फाइल वर आहे. त्यांनी मान वर करून कपाटाकडे पाहिलं. मग विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का मला?

रजिस्टर उघडून उगाच पान उलटलं. म्हणालो, नाही, काही नाही.

बाई म्हणाल्या, बरं. पर्स उचलली आणि गेल्या.

माझी चूक एकाच दिवसाची होती. बाकीचे सगळे दिवस कुणाचे, हा विचार करायचा नाही असं ठरवलं.

१९ मे, मंगळवार

बाक रिकामा. पहिला तासभर हलकं वाटलं. दुपारी बाकावर कुणी दुसराच माणूस बसला, तर त्याला उठवलं. म्हणालो, राखीव आहे.

चॅप्टर चौदा एक ओळ पुढे सरकला नाही. मृत्यू नायिकेच्या दाराशी उभा आहे. आत का जात नाही, हे मलाच कळेना.

२४ मे, रविवार

आज बाईंच्या मुलीची तारीख होती. बायको म्हणाली, अहो, सकाळपासून तीनदा कॅलेंडर का बघताय? म्हणालो, स्पर्धेला सात दिवस राहिले. ती म्हणाली, चेहरा तर परीक्षेत नापास झाल्यासारखा दिसतोय.

२६ मे, मंगळवार. सायं. ७

स्पर्धेला पाठवायची तर मृत्यू दीर्घ करायलाच हवा. बंडल माळ्यावरून काढलं आणि एकेक पान दुरुस्त करत आलो. पान ११२.

फॉर्म.

त्यांचाच फॉर्म. दोन्ही नावांपुढे लाल पेन्सिलीने बरोबरची खूण. सोबत चिठ्ठी, ती उतरवून ठेवतो:

'रडत होते, तरी मी चुकले नव्हते. महिनाभर मला वाटत होतं, ह्यांचं शेवटचं काम आपण धड केलं नाही. फॉर्म तुमच्याकडेच ठेवते. पुढच्या मंगळवारी तुम्ही स्वतः सांगाल, याची वाट पाहीन.'

पुढचा मंगळवार म्हणजे बारा तारीख. त्या दिवशी त्या साडेदहापासून बंद होईपर्यंत बसल्या होत्या. मी रुसलो नसतो आणि नुसती पानं उलटली असती, तरी…

बायकोने विचारलं, काय झालं? सगळं सांगितलं. पहिल्यांदाच तिने माझी गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. म्हणाली, उद्या डबा राहू दे, आधी साहेबांकडे जा.

२७ मे, बुधवार

गेलो. फॉर्म टेबलावर ठेवला, चूक माझी आहे म्हणालो, मेमो द्या म्हणालो. साहेब फोनवर होते. फोन खांद्यावर धरूनच रजिस्टर ओढलं, दोन रेघा मारल्या, वर बरोबर नावं मला लिहायला लावली, सही केली, शिक्का मारला. माझ्याकडे पाहून म्हणाले, एवढंच ना? मग आधी आणायचं की.

घड्याळ पाहिलं होतं. अकरा मिनिटं.

मेमो नाही. ओरडणंही नाही. निदान ओरडले तरी असते.

२८ मे, गुरुवार

नवा दाखला घेऊन बाईंच्या घरी गेलो. पत्ता फॉर्मवर होताच. दार उघडून त्यांनी आत घेतलं. भिंतीवर यजमानांचा फोटो. चेहरा मी प्रथमच पाहिला.

नात झाली, म्हणाल्या. २५ तारखेला. मुलगी दुखायला लागल्यावर एकटीच टॅक्सी करून हॉस्पिटलात गेली. ड्रायव्हरने बॅग आत नेऊन दिली. फोनवर फोटो दाखवला. मूठभर जीव, डोळे मिटलेले. मला नीट पाहवेना.

माफी मागितली. वाक्य पाठ करून गेलो होतो, तरी मध्येच तुटलं. मग विचारलं, तुम्ही तेव्हाच फॉर्म घेऊन साहेबांकडे का नाही गेलात? त्या म्हणाल्या, चाळीस वर्षं वर्गात हेच केलं. काच कुणी फोडली ते ठाऊक असतं, पण मूल आपणहून उभं राहतं का, ते पाहायचं. बहुतेक उभी राहतात. या खेपेला माझा अंदाज चुकला, आणि भोगलं माझ्या लेकीने. मुलीसमोर मलाच अपराधी वाटतं हो.

म्हणजे पुन्हा चूक त्यांनीच घेतली.

आणि यानंतर मी निर्लज्जासारखं विचारलं, नायक कसा वाटला?

देखणा आहे, म्हणाल्या. पण खरा वाटत नाही. इतकं टक लावून कुठे पाहतो तो? खरा मान वर करत नाही. नाव लिहितो, पुढचा बोलावतो.

पाणी प्यायलो. त्यांनी चष्मा लावून दाखला वाचायला घेतला. एकेक अक्षर. मग लाल पेन्सिल शोधली. यजमानांच्या नावात दुसरी वेलांटी हवी, तुम्ही पहिली दिलीत, म्हणाल्या. या वेळी तर मी कादंबरीही लिहीत नव्हतो.

वर्तुळ करून दाखला माझ्या हातात परत दिला. म्हणाल्या, दुरुस्त करा, आणि घरी हे नाव दहा वेळा लिहून काढा. मंगळवारी येते मी.

म्हणालो, नका येऊ. उद्या मीच आणतो.

सायं. ६.३०

स्पर्धेचं पाकीट बाजूला ठेवलं. वहीच्या मागच्या पानावर नाव लिहायला बसलो. एकोणीस वर्षांत हजारो नावं रजिस्टरात उतरवली, वाचलं हे पहिलंच. नाव चांगलं आहे. हाक मारायला सोपं. बाई दुधाचा गॅस बंद करून येताना हेच नाव घेत आल्या असतील.

सहा वेळा बरोबर आलं. सातव्या वेळी पुन्हा पहिली वेलांटी दिली. खोडलं. परत एकपासून.