ऑक्टोबरची प्रत

प्रिय ट्रीना,

आणि चूक माझी होती हे मी मे महिन्यातच मान्य केलं होतं, फोनवर, तुझं ओरडणं संपायच्या आत. तरी परवाच्या निरोपात तू पुन्हा तेच लिहिलंस, की मेलेल्या बापाला रेडिओवर बोलायला लावणारा भाऊ देव कुणाला न देवो. बरं बाई, न देवो. पण गावच्या रेडिओचा कॉम्प्युटर मुळात बंद पडला कुणामुळे? रेडिओवर बाबांच्या खुर्चीत बसल्याच्या पहिल्याच आठवड्यात, गावाला बिंगो खेळवायचा तो फुकटातला प्रोग्रॅम कुणी टाकला त्यात? मी नाही. मी इथे कॅल्गरीत होतो, अख्खा देश मध्ये पसरलेला. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून या वेळी कागदावर लिहितोय. कागदाला मधे बोलता येत नाही.

गावच्या हॉलच्या तळघरातला, रेडिओच्या कॉम्प्युटरचा तो जुना डबा आठवतो? कुबट वास यायचा आणि चालू करायला बाजूला एक बुक्की मारावी लागायची. ती बुक्की नेमकी कुठे मारायची हे फक्त बाबांना माहीत होतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी सुट्टीत आलो तेव्हा मी त्यातलं सगळं जसंच्या तसं उचलून क्लाउडवर नेलं. बाबा मागे उभे. म्हणाले, "डबा तर इथेच आहे. मग नेलंस काय?" मी सांगितलं की आता या कॉम्प्युटरला अंग नाही. तो दुसऱ्यांच्या मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात भाड्याने राहतो, आणि रोज त्याची एक प्रत काढून बाजूला ठेवतात. उद्या तो मेला तर प्रतीतून पुन्हा उभा करायचा. बाबांनी डोक्यावरची टोपी मागे सारली. "भाडं वेळेवर देतो ना? मग तुझ्यापेक्षा बरा." त्या वर्षी दोन घरमालकांनी मला बाहेर काढलं होतं, हे त्यांना तूच सांगितलं असणार.

इथे कधीकधी सकाळी सहाला जाग येते आणि कान आपोआप त्यांची वाट बघतात. आपण दोघं पायऱ्यांवर बसून मोजे घालायचो आणि स्वयंपाकघरातल्या रेडिओवरून, अख्ख्या गावाला उठवणारा त्यांचा आवाज यायचा, "कॅपलिन आर्म, उठा. झोपून कुणाचं भलं झालंय?" आणि बाबा स्वतः तेव्हा शेवंडांचे पिंजरे बघायला समुद्रावर. सगळं आदल्या संध्याकाळीच हॉलमध्ये रेकॉर्ड करून ठेवलेलं असायचं. लहानपणी मला वाटायचं, त्यांच्या होडीतच रेडिओ आहे. वारा कुठला, फेरीबोट येणार का, कुणाचा वाढदिवस, कुणाचा कुत्रा सुटलाय. आणि घरात बोलायच्या गोष्टीसुद्धा तिथेच. आईला काही सांगायचं विसरले की रेडिओवर सांगून मोकळे. तुझं त्या स्टीफनशी बिनसलं तेव्हा "माझ्या घरी आज जरा जपून फोन करा" असं अख्ख्या गावाला सांगितलं होतं. तू तीन दिवस खोलीतून बाहेर आली नव्हतीस.

मी निघालो त्याच्या आदल्या सकाळचंही तुझ्या लक्षात असेल. "माझा धाकटा उद्या अल्बर्टाला चाललाय. शाळा त्याला मानवली नाही, आता बघू तेलाच्या विहिरी मानवतात का. त्याच्याकडे कुणाचे बूट, गळ, सायकल राहिली असेल तर आजच घेऊन जा." आणि माणसं आली की गं दारात! सायकल तर मी विसरूनच गेलो होतो. फेरीबोटीत चढेपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. आता हे इथे कुणाला सांगितलं की मीच आधी हसायला लागतो.

आता मे महिन्याचं, एकदाच आणि नीट. आपल्याकडे रोजची प्रत महिनाभर राहते आणि प्रत्येक महिन्याच्या शेवटची प्रत वर्षभर. मग ती आपोआप पुसली जाते. कॉम्प्युटर बसला त्या दिवशी मी कालची प्रत उघडली, ती सडकी. एप्रिलची उघडली, तीही. मार्च, फेब्रुवारी, थेट नोव्हेंबरपर्यंत तेच. प्रत काढणाऱ्याला बरं-वाईट कळत नाही. तुझ्या बिंगोने आत जी कीड सोडली होती तिचीही तो इमानाने नक्कल करत होता. धड निघाली ती ऑक्टोबरची, बाबांच्या आजारपणाच्या आधीची.

आमच्या, मेलेले कॉम्प्युटर उठवायच्या कामात एक नियम आहे. मारिसेल, माझी वरची, नव्या पोरांना पहिल्याच दिवशी तो घोकायला लावते. परत आणलेल्या मशीनला आधी बंद खोलीत जागं करायचं, म्हणजे बाहेरच्या जगाशी त्याचा तार-संबंध तोडून. कारण आपण गेलो होतो हे त्याला ठाऊक नसतं. त्याच्या हिशेबी तो रात्री झोपला आणि सकाळी उठला. उठला की काल राहिलेलं काम करायला घेतो. कुणाला जुनी बिलं पाठवील, कुणाला होऊन गेलेल्या कामांची आठवण करून देईल. हे मला पाठ आहे, ट्रीना. पण तू दुसऱ्या कानात ओरडत होतीस, "संध्याकाळी बिंगो आहे, कार्डं विकली गेलीत, लोक मला फाडून खातील." मी दार बंद न करताच त्याला उठवलं.

तो उठला. त्याच्यासाठी कालच ऑक्टोबर संपला होता. समोर बघतो तर मे. मधलं काही वाजायचं राहिलं असेल तर ते आधी वाजवायचं, असं बाबांनीच त्याला सांगून ठेवलेलं. आणि भर दुपारी, लख्ख उन्हात, गावभर आवाज गेला. "कॅपलिन आर्म, उठा. आज एक नोव्हेंबर. वारा वायव्येचा आणि चिडलेला. फेरीबोट येणार नाही, धक्क्यावर तोंड उघडून उभे राहू नका. लिओ, होडी वर ओढ, मी सांगतोय. आणि गर्ट, फ्रीजरमधलं मूसचं मांस बाहेर काढून ठेव, मी विसरणार आहे." आणि पुढे वाढदिवस, सुटलेले कुत्रे, सगळं.

शेजारच्या लिओने होडी वर ओढली. समुद्र ताटातल्या पाण्यासारखा शांत आणि हा म्हातारा एकटा दोर ओढतोय. मी नंतर फोन केला तेव्हा म्हणाला, "अरे, तुझ्या बापाच्या, फॉन्सच्या पेटीला खांदा मीच दिला, मला काय माहीत नाही? पण तो होडी ओढ म्हणाला आणि मी बसून राहिलो, असं कधी झालं नाही." आणि आईने, त्यांच्या गर्टने, मूस हरणाचं ते मांस काढलं. ते मोरीत विरघळताना तू बघितलंस आणि मला फोन केलास. तू काय काय बोललीस ते मी लिहीत नाही. तुझं खरंही होतं.

तेव्हापासून तुझं एकच, की जुन्या प्रती जशा जातायत तशा जाऊ दे. आई सकाळी सहाला उठून रेडिओजवळ बसते, तिला आशा लावू नकोस. मलाही ते पटलं होतं. गेल्या महिन्याअखेर सप्टेंबरची प्रत गेली. पडद्यावरची एक ओळ नाहीशी झाली, बस. ऑक्टोबरची या महिन्याच्या शेवटच्या दिवशी जाईल. त्यानंतर ज्यात बाबा आहेत अशी एकही उरणार नाही. वाजून झालेलं सगळं रेडिओचा प्रोग्रॅम आठवड्याभरात पुसून टाकतो, आणि फोनवर निरोप ठेवा म्हटलं की ते फोन आपटायचे. दुसरीकडे कुठे त्यांचा आवाज नाही. मी शोधला.

लिओने आणखी एक सांगितलं. मला सांगायचं नव्हतं त्याला, तोंडातून निसटलं. त्या दुपारी तू दुकानातून हॉलकडे पळालीस, एक बूट रस्त्यातच राहिला. मला तू म्हणालीस, बंद करायला पळाले. होडीकडे जायच्या आधी लिओ तुझ्या मागोमाग तळघरात उतरला होता. तो म्हणतो, तू बटणाला हातच लावला नाहीस. स्पीकरवर तळहात ठेवून उभी राहिलीस, ते बोलून संपेपर्यंत. मग बंद केलंस. यावरून मी तुला कधी चिडवणार नाही. मी तिथे असतो तर मीही तेच केलं असतं, आणि माझे दोन्ही बूट राहिले असते.

आता हे पत्र का, ते. रविवारी आईचा फोन आला. मला, तुला नाही, कारण तू रडशील असं तिला वाटतं. मी तिला विचारलंच, तुला खरंच वाटलं होतं का गं, की ते आहेत? ती भडकली. "मी काय खुळी आहे? त्याचे डोळे मी मिटलेत. मांस काढलं कारण सहा महिन्यांत आज काय शिजवायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि सकाळी मी ट्रीनाचं ऐकायला बसते. वारा सांगताना पोरगी घाबरते, तेवढं तिला सांग." मग म्हणाली, "ती प्रत ठेव. पण उठवू नकोस. कधीच नको. आहे, एवढं माहीत असलं म्हणजे झालं." ट्रीना, मी इतकी वर्षं हेच काम करतोय आणि ते कशासाठी करतात हे मला त्या रविवारी कळलं. पण खातं रेडिओच्या नावावर आहे, म्हणजे तुझ्या सहीचं. प्रत राखून ठेवा, हे तूच सांगू शकतेस, तेही महिना संपायच्या आत. मी करू शकत नाही, आणि मी इथे राहणारही नाही. ओरडू नकोस, मी पुन्हा नोकरी बदलतोय, या वेळी पार उत्तरेला, युकॉनला. म्हणून ती तुझ्याकडे असलेली बरी. न उघडता नुसती ठेवायची तर भाडं अगदी किरकोळ पडतं. रेडिओच्या कमिटीपुढे हात पसरू नकोस, ते फाटे फोडत बसतील. दहा वर्षांचं मीच भरतोय. सोबत एकशे चौऱ्याऐंशी डॉलर पाठवले आहेत.

तुझाच, अजून तुझ्या शिव्या खाणारा,
कोल्बी