ठिबकचा कॉक

आई, गेल्या आठवड्यात फिल्टर मी धुतला. हसू नकोस. हॉलमधल्या माशांच्या टाकीचा. दुकानाचा माल भरायला सांगलीला गेलो होतो, तेव्हा मोठ्या हौसेनं उचलून आणली होती बघ ती टाकी, तिचाच. टाकी माझी, मासे माझे, पाहुण्यांनी "लय झ्याक दिसतंय" म्हटलं की कौतुकही माझं. धुणं तेवढं तुझं होतं. तू गेल्यावर ते तुझ्या सुनेकडं गेलं, आणि कसं गेलं ते मला आठवतही नाही. मी सांगितलं नव्हतं, तिनं विचारलं नव्हतं. मध्यंतरी ती न्हाणीत घसरली, मनगट मोडलं, कराडला नेऊन प्लास्टर घातलं. इकडं टाकीचं पाणी गढूळ व्हायला लागलं, तेव्हा कळलं की आता घरात धडधाकट हात माझाच उरलाय.

घातला एकदाचा. काखेपर्यंत घालावा लागतो गं! फिल्टर तळाला, मागच्या काचेला रबरी चकत्यांनी चिकटलेला. पाटावर उभं राहायचं, कंबर वाकडी करायची, गाल काचेच्या कडेला टेकवून आंधळ्यासारखं चाचपडायचं. ओढून काढावा तर निम्मी घाण परत पाण्यात. मग त्याच्या क्लिपा, ओल्या बोटांनी निघता निघत नाहीत, नखं सोलवटतात. आणि पाणी केवढं गार! इतकी वर्षं टाकी माझी म्हणून मिरवली आणि पाणी गार असतं हे मला ठाऊक नव्हतं. तू हिरव्या बांगड्या वर सारून त्यांवर फडकं गुंडाळायचीस. काचेवर आपटतात म्हणून मीच खेकसलो होतो, "काढून ठेव की त्या, काच तडकंल!" तर तू म्हणालीस, "आरं, तुझं आबा हायती की अजून. बांगड्या कशा काढू?" तेव्हापासून ते फडकं. थंडीच्या दिवसांत ते भिजायचं, आणि तू तशीच ओल्या बाहीनं भाकरी थापायला बसायचीस.

घट बसायच्या आधीचे ते दिवस तर हल्ली सारखे डोळ्यांपुढं येतात. तू दसरा काढतेयस. वाकळा, चादरी, डबे, सगळं नदीवर चाललंय. त्यात तू फिल्टरचा स्पंजही नेलास. साबण लावून, दगडावर घासून, अगदी नव्यासारखा करून आणलास आणि मला दाखवलास. मी पेपरातून मान वर केली नाही. नंतर एकेक मासा उलटा होऊन वर यायला लागला. त्या स्पंजावर जे तपकिरी बुळबुळीत असतं, त्याच्यावरच टाकीतलं पाणी माशांना सोसतं, आणि साबण लागला की ते मरतं, हे मला तरी कुठं माहीत होतं? सांगलीच्या मासेवाल्यानं नंतर सांगितलं. पण ओरडून मी आधीच मोकळा झालो होतो. सुनेदेखत, पाहुण्यांदेखत. "अक्कल गहाण ठेवलीस काय? कुणी सांगितलं होतं नदीवर न्यायला?" तू पदराला हात पुसत उभी. "घट बसायच्या आदी घरातलं समदं धुत्यात," म्हणालीस, "मग ह्येच कसं पारोसं ठिवायचं?" एवढंच. जेवायला मात्र बसली नाहीस.

त्यानंतर तू स्पंज टाकीच्याच पाण्यात, बादलीत पिळायचीस. आणि दर वेळी हात घालायच्या आधी मला विचारायचीस, "धू का रं?" स्वतःच्या घरात विचारायचीस. मी "हं" म्हणायचो.

आता माझी गंमत ऐक. काखेपर्यंत एकदाच भिजलो आणि माझं डोकं चालायला लागलं. म्हटलं, ही दर वेळची कटकट नको. तुझी लोणच्याची मोठी प्लास्टिकची बरणी होती ना, ती माळ्यावरून काढली. टाकीशेजारच्या फळीवर ठेवली. तळाशी भोक पाडून शेतातल्या ठिबकचा एक कॉक, छोटी तोटीच म्हण, बसवला. स्पंज बरणीत घातला, पंप तेवढा टाकीत राहिला, नळीनं पाणी बरणीत खालून चढतं, स्पंजातून वर येतं आणि तोंडाशी बसवलेल्या नळीतून परत टाकीत पडतं. धुवायचं म्हणजे काय, पंप बंद करायचा, कॉक उघडायचा, तळाचा गाळ पाण्यासकट बादलीत. त्याच पाण्यात स्पंज पिळायचा, परत ठेवायचा. चहा उकळेपर्यंत काम खलास, मनगटही भिजत नाही. शेजारचे रिटायर सुभेदार येऊन बघून गेले. "गड्या, डोकं लय चालतं तुझं," म्हणाले. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

कारण हे डोकं मी रोज विकतो, आई. उंब्रजच्या त्या दुकानात दुसरं काय करतो मी? ऊसवाला ठिबकचा फिल्टर न्यायला आला की माझी टकळी ठरलेली, "मामा, खोलत बसायचं न्हाई. खालचा कॉक उघडा, घाण आपसूक भाईर." तू होतीस तेव्हाही हेच सांगत होतो. दिवसभर लोकांना सांगायचं आणि घरी येऊन "धू का रं"ला "हं" म्हणायचं.

काल तुझी सून टाकीपुढं येऊन उभी राहिली. मी कॉक उघडून दाखवला. ती बघत राहिली, मग म्हणाली, "आवं, लय सोपं झालं की. मग ह्ये एवढी वर्सं का न्हाई केलं?"

मी म्हणालो, "तवा असलं सामान कुठं मिळत हुतं?"

दुपारी मी जेवायला घरी येतो तेव्हा दुकानात तीच बसते. कुठला कॉक कुठल्या खोक्यात आहे ते तिला माझ्यापेक्षा पाठ आहे. तिनं माझ्याकडं बघितलं. "व्हय," म्हणाली आणि आत गेली.

सामान होतं गं. मांडणीवर धूळ खात पडलं होतं. पण हात आधी तुझा होता, मग तिचा, माझं काही अडत नव्हतं. माझी लाज वाटते मला. तुझ्यावर ओरडलो त्याची तर वाटतेच, पण माझा हात भिजेपर्यंत मला काही सुचलं नाही, त्याची जास्त.

हे पत्र मी कुठं टाकणार? घडी घालून गल्ल्याखाली ठेवीन झालं. तुला लिहिलं, कारण तू आता "व्हय" म्हणून माझ्याकडं बघणार नाहीस. जिला सांगायला पाहिजे ती आत एका हातानं कणीक मळतेय. परात ओट्यावर सरकते, भिंतीला लागते, ती परत ओढते, इथवर ऐकू येतंय. तिच्याशी खरं बोलायला जीभ उचलत नाही. आणि एवढं सगळं लिहून झालं तरी, आई, ती परात धरायला मी अजून उठलेलो नाही.