भिंतीत अडकलेला हात

बेमिजी, मिनेसोटा
१२ नोव्हेंबर

आदरणीय रोल्फदादा यांस,
क्लेटनचा सविनय नमस्कार. ॲरिझोनाची ऊब तुमच्या गुडघ्यांना मानवली असेल अशी आशा करतो. इकडे तलावाच्या काठाला बर्फ धरलाय, तुमची बहीण मार्लिस मजेत आहे, आणि तुमच्या मातोश्रींबद्दलच हे पत्र आहे.

रविवारी तुमचा फोन आला तेव्हा आईंनी ‘क्लेटनचे हात गुंतलेत’ असं सांगून तो ठेवला, त्याचा तुम्हाला राग आला असं मार्लिस म्हणते. पण दादा, त्यात खोटं एवढंच, की हात एकच होता. तो मनगटाच्या जरा वरपर्यंत भिंतीत होता.

झालं असं, की तळघरातल्या बसायच्या खोलीत मी नवा टीव्ही भिंतीवर टांगला. खाली दोन काळ्या वायरी लोंबत राहिल्या. मार्लिस म्हणाली, भिंतीला शेपट्या फुटल्यात. हे मला लागलं. मोबाइलवर एका गृहस्थाने वायरी भिंतीच्या पोकळ पोटातून नऊ मिनिटांत नेलेल्या मी पाहिल्या होत्या (त्याची भिंत बहुधा त्याच्या ओळखीची असावी). मी टीव्हीमागे एक भोक पाडलं, खाली जमिनीजवळ दुसरं. वरून वायर सोडली, ती अर्ध्यात थांबली. तीनदा सोडली, तीनदा थांबली. मग काय आडवं येतंय ते चाचपायला हात घातला, आणि मनगटावरचं घड्याळ आत कुठेतरी अडकलं. तेवढ्यात तुमचा फोन वाजला.

आई सकाळपासून कोपऱ्यात विणत बसल्या होत्या. त्यांनी आधी शांतपणे तुमचा फोन घेतला, तिकडच्या हवेची चौकशी केली, आणि मग माझ्याकडे आल्या. माझ्या हाताशेजारून दोन बोटं आत सरकवून घड्याळाचा पट्टा सोडवला. हात सुटला (घड्याळ अजून भिंतीतच चालू आहे).

“मध्ये आडवा लाकडी ठोकळा आहे,” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला कसं कळलं?”

“तीनदा ठक्क झालं. ऐकत होते मी.”

“मग सांगायचंत ना, आई!”

“तू विचारलंस कुठे?”

टेलिफोन कंपनीत सव्वीस वर्षं शिडीवर काढलेली बाई, आणि मी अकरा वर्षं तिला फक्त मोजे विणताना पाहत आलो! त्यांनी आधी माझ्याकडून खोलीची वीज बंद करवली. मग भिंतीच्या पाठीमागचं कोटांचं कपाट रिकामं करून, कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी आतून तळहाताएवढा चौकोन कापला आणि ठोकळ्याला भोक पाडलं. मी बॅटरी धरून उभा. मासे धरायच्या माझ्या दोरीला शिशाचं वजन बांधून त्यांनी ती वरून सोडली, भिंतीला कान लावला, आणि म्हणाल्या, “पोचली.” मी लगेच टीव्हीची विजेची वायर आत कोंबायला गेलो, तर हातावर चापटी बसली. “ही भिंतीत कोंडायची नसते. आत तापली, जळली, तर तुला कळेपर्यंत घर जाईल.” भिंतीच्या आतून न्यायची वायर वेगळी मिळते म्हणे. मला दुकानात पिटाळलं. आता आमच्या भिंतीवर टीव्ही आहे आणि वायर औषधालाही दिसत नाही. एकोणऐंशी वर्षांच्या बाई, दादा! मी दिवसातून चारदा कपाट उघडून तो चौकोन बघतो. कडा सुरीने लोणी कापावं तशा सरळ.

वहिनींना नमस्कार.
आपला,
क्लेटन

ता. क. तुम्ही कशासाठी फोन केलात ते मला ठाऊक आहे. तिकडच्या वृद्धांच्या वसाहतीतल्या खोलीच्या कागदांवर कृपा करून सही करू नका. ‘खुशाल घेऊन जा’ असं मीच म्हणालो होतो. ते मी परत घेतो, आणि त्याची मला लाज वाटते. त्यांना इथेच राहू द्या. त्यांना यातलं काहीच माहीत नाही.

ता. क. २. रोल्फ, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. मला सगळं माहीत आहे. कुठे राहायचं ते मी ठरवीन, आणि ते ठरलंय. इथेच. जानेवारीत मात्र तीन आठवडे तुझ्याकडे येते. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तुझ्या टीव्हीखालच्या वायरी बघितल्या. मी येईपर्यंत भिंतीला हात लावू नकोस. — आई